दारापासून दस्तरखानापर्यंत: मुस्लिम घरातल्या जाण्यायेण्याचे आदाब

नानीच्या घराचं पुढचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. रत्नागिरीजवळच्या त्या वाडीत चोराचिलटाची भीती नव्हती. तरीही वाडीतली कुठलीही बाई थेट आत शिरायची नाही. पायरीच्या बाजूला, भिंतीला लागून उभी राहायची आणि ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणायची. आतून ‘व अलैकुम अस्सलाम, ये गो’ ऐकू आलं की मगच पायरी चढायची. दार उघडं असताना बाजूला कशाला उभं राहायचं, असं मी नानीला एकदा विचारलं. ती म्हणाली, ‘दार उघडलंय ते वाऱ्यासाठी. लोकांच्या नजरेसाठी नाही.’

पुढे हदीस, म्हणजे प्रेषितांच्या बोलण्यावागण्याच्या नोंदी, वाचायला लागले तेव्हा कळलं की नानीने मला प्रेषित मुहम्मद (स.) यांची रीत सांगितली होती. त्या काळी मदिनेतल्या घरांच्या दारांना पडदे नसत. म्हणून प्रेषित कुणाच्या घरी गेले की दारासमोर तोंड करून उभे राहत नसत, उजव्या किंवा डाव्या बाजूला सरून सलाम करत.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, घरात मुलं वाढवताना ‘हे असंच करायचं’ एवढंच सांगणारे आणि ‘का?’ या प्रश्नापाशी अडणारे माझ्यासारखे आईबाप. दुसरे, मुस्लिम शेजारी, सहकारी किंवा मैत्रिणीकडे जायची इच्छा असूनही काय चालतं आणि काय नाही या धास्तीने उंबऱ्यापाशीच थबकणारे. इस्लाममधले आदाब, म्हणजे वागण्याच्या रीती, हा झोपेपासून प्रवासापर्यंत पसरलेला मोठा विषय आहे. मी त्यातली एकच गोष्ट घेते: एकाने दुसऱ्याच्या घरी जाणं. माझ्या समजुतीप्रमाणे या सगळ्या नियमांच्या मुळाशी एकच काळजी आहे. आपल्या येण्याने समोरचं माणूस अवघडू नये, उघडं पडू नये, खर्चात पडू नये.

निघण्याआधी वेळ बघा

कुरआनच्या सूरह (अध्याय) नूरमध्ये (24:58) दिवसातल्या 3 वेळा घरातल्या माणसांच्या एकांताच्या म्हणून सांगितल्या आहेत: फजरच्या नमाजआधीची पहाट, कपडे सैल करून आडवं होण्याची दुपार, आणि इशाच्या नमाजनंतरची रात्र. या वेळांत घरातल्या लहान मुलांनी आणि नोकरमाणसांनीसुद्धा विचारल्याशिवाय खोलीत यायचं नाही. घरच्यांना हा नियम असेल तर बाहेरच्याने त्या वेळी बेल वाजवणं किती अवघड, ते वेगळं सांगायला नको.

व्यवहारात असं धरा: असर ते मगरिब, म्हणजे साधारण संध्याकाळी पाच ते दिवेलागण, ही भेटीला सगळ्यात सोयीची वेळ. शुक्रवारी दुपारी साडेबारा ते दोन हा वेळ जुम्याच्या नमाजचा असतो, तेव्हा जाणं टाळा. रमजानमध्ये मगरिबच्या आधीचा तास स्वयंपाकघरात फार धांदलीचा असतो. बोलावलं नसेल तर तेव्हा जाऊ नका. इफ्तारीला बोलावलं असेल तर मात्र सूर्यास्ताच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पोहोचा, कारण अजान झाली की खजूर तोंडात जातो आणि तुमच्यासाठी कुणी थांबू शकत नाही. रोजा नसलेल्याला इफ्तारीला बोलावतात का, असं मला पुष्कळदा विचारतात. आनंदाने बोलावतात.

हातात काही न्यायचं असेल तर फळं, खजूर, सुकामेवा, घरची मिठाई यांतलं काहीही चालतं. दारू अर्थातच नको. जेलीसारख्या गोळ्यांमध्ये बऱ्याचदा प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं, म्हणून त्या टाळलेल्या बऱ्या.

दाराशी

ही पायरी मी जरा सावकाश सांगते, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. माझ्याही झाल्या आहेत.

बेल वाजवल्यावर दाराच्या फटीसमोरून बाजूला व्हा. आपल्या इमारतींमध्ये दार उघडलं की समोर थेट बैठकीची खोली, कधी आतली खोलीही दिसते. दार उघडणारी बाई ओढणी सावरत असते, कुणी आत पळत असतं. तेवढा क्षण त्यांना द्या. एकदा प्रेषितांच्या घराच्या दारातल्या भोकातून एक माणूस आत डोकावला, तेव्हा त्यांनी त्याला फार कडक शब्दांत सुनावलं आणि सांगितलं की परवानगीचा नियम ठेवला आहे तोच मुळी नजरेसाठी. म्हणजे पाय आत टाकण्याआधी नजर आत गेली, तर परवानगी मागण्याला अर्थच उरला नाही.

आतून ‘कोण?’ असं आलं की नाव सांगा. ‘मी’ म्हणू नका. जाबिर (र.) या सहाबींनी, म्हणजे प्रेषितांच्या सोबत्याने, प्रेषितांचं दार वाजवलं, ‘कोण?’ विचारल्यावर ‘मी’ म्हटलं. प्रेषित आतून ‘मी, मी’ असं पुटपुटले. ते उत्तर त्यांना आवडलं नव्हतं, हे जाबिरांनीच पुढे सांगून ठेवलं आहे. इतकी बारीक गोष्ट, पण दाराआडच्या एकट्या बाईला ‘मी’ या उत्तराचा काय उपयोग?

तीनदा विचारा, मध्ये थोडा वेळ जाऊ द्या, आणि उत्तर आलं नाही तर परत फिरा. यामागे एक सुंदर प्रसंग आहे. अबू मूसा अल-अशअरी (र.) खलिफा उमर (र.) यांच्याकडे गेले. तीनदा परवानगी मागितली. उमर कामात होते, उत्तर आलं नाही. अबू मूसा निघून गेले. उमरना मागाहून लक्षात आलं, त्यांनी बोलावून विचारलं, का गेलास? अबू मूसा म्हणाले, प्रेषितांनी तसंच सांगितलं आहे. उमरनी साक्षीदार मागितला आणि अबू सईद अल-खुदरी (र.) यांनी येऊन साक्ष दिली. खलिफाच्या दारात ताटकळत बसणं अबू मूसांना बंधनकारक वाटलं नाही, आणि खलिफाने स्वतःच्या माहितीतली उणीव कबूल केली. मला या गोष्टीत दोघेही मोठे वाटतात.

‘आत्ता जमणार नाही’ असं उत्तर आलं तर? सूरह नूरमध्ये (24:28) स्पष्ट म्हटलं आहे: परत जा म्हटलं तर परत जा, तुमच्यासाठी तेच अधिक शुद्ध आहे. आपल्याकडे दारातून परतणं म्हणजे अपमान समजतात, वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. इथे उलट न रागावता परतणाऱ्याला कुरआन चांगलं म्हणतं, आणि नकार देणाऱ्याकडे कारणही मागत नाही.

हाच नियम मी फोनला लावते. सलग सात-आठ वेळा फोन करत राहणं म्हणजे दार बडवणंच आहे. तीन वेळा करावा, मग ‘सवडीने फोन कर’ असा निरोप ठेवावा. व्हिडिओ कॉल न विचारता लावणं तर सरळ कुणाच्या खोलीत नजर टाकणं झालं. आधी एका ओळीत विचारावं.

सलाम

अस्सलामु अलैकुम म्हणजे तुम्हाला शांती लाभो. उत्तर द्यायचं ते निदान तेवढंच, जमलं तर वाढवून (कुरआन 4:86). म्हणून ‘व अलैकुम अस्सलाम व रहमतुल्लाहि व बरकातुहु’ असं लांबवत जातात. कुणी आधी करायचा? वाहनावरच्याने चालणाऱ्याला, चालणाऱ्याने बसलेल्याला, थोड्यांनी जास्तांना, धाकट्याने थोरल्याला. म्हणजे साधारणपणे जो वरचढ जागी आहे किंवा बाहेरून येतो आहे, त्याच्यावर पहिला सलाम करण्याची जबाबदारी आहे. प्रेषित मात्र वाटेत भेटलेल्या मुलांनाही आपण होऊन सलाम करत, तेव्हा ‘आधी त्यांनी करावा’ म्हणून कुणी अडून बसायचं कारण नाही.

सअद इब्न उबादा (र.) यांची गोष्ट नानीची लाडकी होती. प्रेषित त्यांच्या दारात आले, सलाम केला. सअदनी अगदी हळू, ऐकू जाणार नाही असं उत्तर दिलं. तीनदा तसंच झालं. प्रेषित परत फिरले तेव्हा सअद मागे धावले आणि म्हणाले, तुमचा प्रत्येक सलाम मी ऐकत होतो. हळू उत्तर यासाठी देत होतो की तुमच्या तोंडून शांतीची दुवा आणखी एकदा मिळावी.

मुस्लिम नसलेल्यांनी काय म्हणावं? नमस्कार म्हणा, आदाब म्हणा, सलाम म्हटलात तरी कुणाला वावगं वाटत नाही. हात मिळवण्याबद्दल एवढं लक्षात ठेवा की पुष्कळ मुस्लिम स्त्रिया परपुरुषाशी आणि पुरुष परस्त्रीशी हस्तांदोलन करत नाहीत. समोरच्याने हात पुढे केला तर मिळवा. नाही केला तर छातीवर हात ठेवून मान लववा, तो पूर्ण सन्मान आहे.

बसल्यावर

चपला बाहेर. यजमान दाखवेल तिथे बसा. कुणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून जाऊ नका, मागून जा किंवा संपेपर्यंत थांबा. चार-पाच मिनिटांचा प्रश्न असतो. मांडणीवर कापडात गुंडाळलेला कुरआन दिसला तर उत्सुकतेने उचलू नका. वुजू, म्हणजे हातपाय-तोंड धुण्याचा ठरलेला विधी, करूनच त्याला हात लावायची रीत आहे.

बैठकीत कुणी नवीन आलं की सरकून जागा करून द्यायची, ही तर कुरआनची आज्ञा आहे (58:11). कुणाला उठवून त्याच्या जागी बसायचं नाही. तिघे असताना दोघांनी कुजबुजायचं नाही, कारण तिसऱ्याला वाईट वाटतं. हदीसमध्ये कारण याच शब्दांत दिलं आहे. दोघांनी तिसऱ्याला न कळणाऱ्या भाषेत बोलणंही मी यातच धरते. माझ्या मराठी मैत्रिणी आल्या की आमच्या घरात कोकणी-उर्दू बंद असते.

आणि जे घरात नाहीत त्यांच्याबद्दल बोलणं. सूरह हुजुरातमध्ये (49:12) पाठीमागे निंदा करण्याला मेलेल्या भावाचं मांस खाण्याची उपमा दिली आहे. पाहुणे जमले की पहिला विषय गैरहजर जावेचाच निघतो, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. विषय बदलायची हिंमत एकाने केली तरी पुरते. स्वयंपाकाची किंवा मुलांच्या परीक्षेची चौकशी काढली की बैठक वळते, हा माझा अनुभव आहे.

शिंक आली तर ‘अल्हम्दुलिल्लाह’ (अल्लाहची स्तुती असो) म्हणतात आणि ऐकणारा ‘यरहमुकल्लाह’ (अल्लाह तुझ्यावर दया करो) म्हणतो. जांभईला तोंडावर हात. इतकंच.

दस्तरखानावर

दस्तरखान म्हणजे जमिनीवर अंथरलेलं जेवणाचं कापड. त्याच्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचंही नाही. पाहुण्याचे हात धुवायला लोटा आणि चिलमची (हात धुतलेलं पाणी धरायचं पसरट भांडं) घेऊन घरातलं धाकटं माणूस फिरतं, ही पद्धत आता शहरात कमी झाली. दाऊदी बोहरा घरांत मात्र मोठ्या थाळाभोवती सगळे एकत्र बसतात आणि चिमूटभर मीठ चाखून जेवण सुरू करतात, ते पाहण्यासारखं असतं.

मुलांना जेवणाचे आदाब शिकवताना मी एकच प्रसंग सांगते. उमर इब्न अबी सलमा हा प्रेषितांच्या पत्नी उम्मे सलमा (र.) यांचा आधीच्या लग्नाचा मुलगा, प्रेषितांच्या घरात वाढत होता. जेवताना त्याचा हात ताटभर फिरायचा. प्रेषित त्याला म्हणाले: बाळा, अल्लाहचं नाव घे, उजव्या हाताने खा, आणि तुझ्या समोरचं खा. तीन छोटी वाक्यं. ओरडणं नाही, चारचौघांत लाजवणं नाही. तो मोठेपणी सांगायचा की त्यानंतर माझी जेवायची रीत कायम तीच राहिली. मुलाने चूक केली की आपण मागच्या चार चुकाही काढतो. मी स्वतःला या हदीसची आठवण मुलांपेक्षा जास्त वेळा करून देते.

‘बिस्मिल्लाह’ म्हणायचं राहिलं आणि मध्येच आठवलं तर ‘बिस्मिल्लाहि अव्वलहू व आखिरहू’ (सुरुवातीला आणि शेवटी अल्लाहच्या नावाने) म्हणावं. एकाच ताटातून जेवत असाल तर मधला ढीग उकरू नका, आपल्या कडेने खा. पाण्यात फुंकर नको, पाणी तीन घोटांत, मध्ये भांडं तोंडापासून दूर करून प्या.

जेवणाला नाव ठेवायचं नाही. अबू हुरैरा (र.) सांगतात की प्रेषितांनी कधीही अन्नात खोड काढली नाही, आवडलं तर खाल्लं, नाही तर सोडून दिलं. मीठ कमी आहे, आमच्याकडे असं करत नाहीत, असले शेरे इथे बसत नाहीत. तुम्हाला एखादा पदार्थ चालत नसेल तर गप्प बाजूला ठेवा, कुणी विचारलं तर ‘मी खात नाही’ एवढं पुरे.

वाढताना उजवीकडून सुरुवात करा. एकदा अनस (र.) यांच्या घरी प्रेषितांना दूध दिलं. डावीकडे अबू बकर (र.), उजवीकडे एक साधा बेदुईन, म्हणजे वाळवंटातला भटका अरब. प्रेषितांनी पिऊन उरलेलं दूध बेदुईनला दिलं आणि सांगितलं, उजवा, मग त्याच्या उजवीकडचा. मान जागेचा होता, माणसाच्या हुद्द्याचा नव्हता. आणि जो सगळ्यांना पाणी देतो त्याने स्वतः शेवटी प्यावं, हीही रीत आहे.

यजमानाने काय करावं? सूरह जारियातमध्ये (51:24-27) हजरत इब्राहीम (अ.) यांच्याकडे अनोळखी पाहुणे आले तेव्हाचं वर्णन आहे. ते कुणाच्या लक्षात न येईल असे आत गेले, पुष्ट वासरू शिजवून आणलं, पाहुण्यांच्या जवळ ठेवलं आणि म्हणाले, खात नाही का? ‘तुमच्यासाठी काही करू का?’ हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. त्यावर कुठलाही भला पाहुणा नकोच म्हणणार. पण म्हणून कर्ज काढून बिर्याणी करायची नाही. दोघांचं जेवण तिघांना पुरतं, तिघांचं चौघांना, अशी हदीस आहे. डाळ-भात आनंदाने वाढावा.

शाकाहारी शेजारी येणार असतील तर आधी विचारा: अंडं चालतं का, भांडी वेगळी लागतील का, उपवास आहे का? विचारण्यात संकोच नको. श्रावणात किंवा एकादशीला न विचारता मटणाचं ताट पुढे करून त्यांना नाही म्हणायला लावणं हा पाहुणचार नव्हे.

उठायचं कधी

सूरह अहजाबमध्ये (33:53) थेट सांगितलं आहे: बोलावलं तर या, जेवण झालं की पांगा, गप्पांत रेंगाळू नका, कारण त्याचा प्रेषितांना त्रास होतो आणि ते भिडेपोटी बोलत नाहीत. प्रेषितांचं जैनब (र.) यांच्याशी लग्न झालं तेव्हाच्या वलीम्याला, म्हणजे लग्नाच्या जेवणाला, काही जण जेवण होऊनही बोलत बसले होते. प्रेषित बाहेर जाऊन परत आले तरी ते बसलेलेच. यजमान तोंडाने म्हणत नाही म्हणून त्याला त्रास होत नाही असं नाही, हे त्यातून कळतं.

राहायला आलेल्या पाहुण्याचा मान एक दिवस-रात्र, पाहुणचार तीन दिवस, त्यापुढे जे मिळेल तो यजमानाचा दानधर्म. यजमानाला अडचणीत टाकेपर्यंत राहणं हदीसने पाहुण्याला मना केलं आहे. ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे चटकन पटेल.

निघताना यजमानासाठी दुवा करा: ज्याने मला जेवू घातलं त्याला तू जेवू घाल, ज्याने पाणी पाजलं त्याला तू पाज. दुवा येत नसेल तर ‘बरकत होऊ दे’ एवढंही चालेल.

आजाऱ्याकडे आणि मय्यतीच्या घरी

आजाऱ्याला भेटणं हा त्याचा आपल्यावरचा हक्क मानला आहे. प्रेषितांची सेवा करणारा एक यहुदी मुलगा आजारी पडला तेव्हा ते स्वतः त्याच्या घरी गेले होते. म्हणायचं वाक्य छोटं आहे: ‘ला बअस, तहूरुन इन्शाअल्लाह’, काही काळजी नाही, अल्लाहने चाहिलं तर यातून शुद्धी होईल. दहा मिनिटं बसा. माझ्या बाळंतपणात पाहुणे दोन-दोन तास बसले, प्रत्येकाने कुणाच्या तरी बिघडलेल्या केसची गोष्ट सांगितली आणि मी टाके दुखत असताना हसत राहिले. आजाराची चौकशी करा, पण त्याच आजाराने गेलेल्यांची नावं घेऊ नका.

अंत्ययात्रा समोरून जाताना उभं राहावं, ती कुणाचीही असो. एका यहुदी माणसाच्या अंत्ययात्रेसाठी प्रेषित उभे राहिले. तो यहुदी होता असं लोकांनी सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘तो जीव नव्हता का?’

मय्यतीच्या घरी मोठ्याने बोलू नका, कसं झालं ते पुन्हा पुन्हा विचारू नका. मुस्लिम असाल तर ‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’ (आपण अल्लाहचेच आणि त्याच्याकडेच परतणारे) म्हणा, नसाल तर हात धरून शांत बसलात तरी पुरे. विधवा साधारणपणे 4 महिने 10 दिवस इद्दतीत, म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूनंतर पाळायच्या ठरलेल्या काळात, असते, त्या काळात तिला समारंभाला चला म्हणून आग्रह करू नका. लागणारं सामान विचारून आणून द्या.

आणि जेवण घेऊन जा. इ.स. 629 मध्ये मूताच्या लढाईत प्रेषितांचे चुलतभाऊ जाफर (र.) मारले गेले, तेव्हा प्रेषितांनी सांगितलं होतं, जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांच्यावर असं दुःख आलं आहे की त्यांना दुसरं काही सुचणार नाही. पण आपल्याकडे काही गावांत उलटंच चालतं, दुःखाच्या घरालाच शंभर माणसांसाठी डेग चढवावी लागते. तो बोजा त्या घरावर पडू न देणं शेजाऱ्यांच्या हातात आहे. गल्लीतल्या तीन-चार घरांनी पहिल्या तीन दिवसांच्या वेळा वाटून घ्याव्या: कुणी सकाळचा चहा-नाश्ता, कुणी दुपारची खिचडी, कुणी रात्रीची भाजी-चपाती. लहान मुलांसाठी वेगळं, कमी तिखट. मधुमेह असलेलं कुणी घरात आहे का ते आधी विचारून घ्या. आणि परत द्यावे लागतील असे डबे नेऊ नका. त्या घरात कुणाला ते घासायचं आणि कुणाचा कोणता हे लक्षात ठेवायचं भान नसतं.